इक्वाडोरचे १३ दिवस, ३९३ पक्षी आणि एक टूकन

शिंजीर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी आणि नवरा इक्वाडोरला फक्त पक्षी बघायला जाऊन आलो. बऱ्याच जणांनी विचारपुशीत विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. गालापागोस केलं नाही, तो वेगळा प्रवास आणि वेगळं बजेट. आम्ही फक्त अँडीजचे दोन उतार केले.

इक्वाडोरच का, हा पहिला प्रश्न सगळ्यांचा. जगात सगळ्यात जास्त पक्षी कोलंबियात, १९०० च्या वर जाती, मग पेरू १८०० च्या वर. इक्वाडोर १६०० च्या वर, पण देश आपल्या महाराष्ट्राहूनही लहान. अख्ख्या भारतात १३५० च्या आसपास जाती आहेत, त्यावरून अंदाज करा किती गच्च भरलेला देश आहे तो. मधून अँडीज उभा गेलाय, पश्चिमेला चोकोचं पावसाळी जंगल, पूर्वेला अ‍ॅमेझॉनकडे उतरणारं जंगल, आणि एका उताराचे कितीतरी पक्षी दुसऱ्या उतारावर नाहीतच. वर उंचीप्रमाणे परत बदलतात, म्हणजे गाडीने दोन तास खाली उतरलं की यादीचं नवीन पान. हॉटेल मात्र दर दोन दिवसांनी बदलावं लागतं, बॅगा कधी पूर्ण उघडल्याच नाहीत.

रूट असा: कीटो (२८५० मीटर), यानाकोचा, मिंदो, मिल्पे, पास दे लास आवेस, मग कीटोला परत येऊन पूर्वेकडे पापायाक्ताची खिंड (साधारण ४००० मीटर), ग्वांगो, कोसांगा, शेवटी अँटिसाना.

आकडा: पाहिले ३५२, नुसते ऐकले ४१, एकूण ३९३. ओळखता येईल असा फोटो असलेले २४१. त्यात हमिंगबर्ड ४६, तिथे १३० हून जास्त प्रकारचे आहेत.

हा आकडा कसा धरला ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच होतं. छोटी वही, तीन रकाने: पा, ऐ, फो. पाहिला, ऐकला, फोटो. दिसल्यावर तिथेच टिंब, रात्री आठवून नाही. क्लाउड फॉरेस्टमध्ये दुपारी बारानंतर ढग अंगावरच येतो, कागद सर्द होतो, त्यावर पेन चालत नाही, दुसऱ्या दिवसापासून शिसपेन्सिल घेतली. रात्री जेवण झालं की गाईड त्या भागाची छापील यादी घेऊन बसायचा आणि एकेक नाव वाचायचा, आपण हो-नाही म्हणायचं. तो मिंदोचाच, वीसेक वर्षं हेच काम करतो, त्याला फांदी हलली की कळतं. त्याने "तिकडे होता ना" म्हटलं की हो म्हणायचा मोह होतो. मी फक्त हिरवी शेपटी पळताना बघितली असेल तर मी नाही म्हणायचे. असे १९ पक्षी आहेत जे गाईडने पाहिले, मी नाही, ते माझ्या यादीत नाहीत.

यानाकोचात सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड बघितला त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. चोच १० सेंटीमीटरच्या आसपास, शेपटी सोडली तर अंगापेक्षा लांब, जगात असा दुसरा पक्षी नाही. बसतो तेव्हा चोच आभाळाकडे तिरकी धरून बसतो. एवढ्या लांब चोचीने पिसं साफ करता येत नाहीत म्हणून पायाने मान खाजवतो, आणि खाजवताना ती चोच आख्खी हलते, झेंड्याच्या काठीसारखी. तो लांब नळीच्या कृष्णकमळाच्या जातीच्या फुलांतला मध पितो, चोच त्या फुलासाठीच अशी लांबलेली. मी ६० फ्रेम मारल्या, ५२ मध्ये चोचीचं टोक कापलं गेलंय, कारण मी सवयीने डोळ्यावर फोकस ठेवून पक्षी मधोमध घेत होते. तिथे जाणाऱ्यांनी चोचीच्या बाजूला निम्मी चौकट मोकळी सोडा. आणि पक्षी पूर्ण आडवा, बाजूने असेल तेव्हाच मारा, थोडा जरी तिरका झाला की डोळा शार्प आणि चोच धूसर.

आता टूकन, भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. मिल्पेला सकाळी धुक्यात उंच झाडावर काळा-पिवळा मोठा टूकन बसला, मी बारा फोटो मारले, उडून गेला. तिथे दोन जाती अगदी सारख्या आहेत, चोको टूकन आणि यलो-थ्रोटेड टूकन. चोकोची खालची चोच काळी, दुसऱ्याची गडद तांबूस-तपकिरी. माझ्या फोटोत उजेड मागून आहे, खालची चोच काळीच दिसतेय, पण तशा उजेडात तपकिरीही काळीच दिसणार. चोको आकाराने लहान, पण शेजारी दुसरा नसेल तर आकार काय कळणार. खरा फरक आवाजात: चोको बेडकासारखा करकरतो, यलो-थ्रोटेड हाका मारतो. गाईड तेव्हा गाडीकडे गेला होता आणि आम्ही दोघांनी आवाज ऐकल्याचं आठवत नाही. तेरा दिवसांत तसा टूकन परत दिसला नाही. म्हणून ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची साईट) "चोको / यलो-थ्रोटेड" अशी तिरप्या रेषेची एंट्री टाकली, ती जातींच्या आकड्यात धरली जात नाही. बारा फोटो आहेत, आणि पक्षी यादीत नाही.

फोटो खाली टाकतेय. कोणाला काही कळत असेल तर सांगा.

गोदाकाठ

अप्रतिम! सोर्ड-बिल्डचा तिसरा फोटो मी मोठा करून दहा मिनिटं बघत बसलो. आमच्याकडे नांदूर मधमेश्वरला उघड्या पाण्यावर, भर उन्हात फोटो काढायची सवय, जंगलातल्या अंधारात काय सेटिंग ठेवलं? आणि लेन्स कुठली?

शिंजीर

@गोदाकाठ १००-४०० झूम, ट्रायपॉड नेला नाही. जंगलाच्या आत आयएसओ ३२०० ते ६४०० शिवाय इलाज नाही, पहाटे तर त्याच्याही वर. बसलेल्या पक्ष्याला शटर १/२०० सेकंदावर ठेवून पाच-सहा फ्रेमचा बर्स्ट मारायचा, एखादी शार्प निघते. हमिंगबर्डला १/१२५० च्या खाली पंख पुसटच येतात, मला ते पुसट पंख आवडले म्हणून मुद्दाम ठेवलेत. काही ठिकाणी चार-पाच फ्लॅश लावून, मागे पडदा लावून फोटो काढतात, आम्ही नाही केलं. पडद्यापुढचा पक्षी सुंदर दिसतो पण तो कुठल्या जंगलात होता ते फोटोत राहत नाही.

अजून एक. गाडीत एसी लावू नका. थंड कॅमेरा बाहेर दमट हवेत काढला की काचेवर धुकं चढतं आणि दहा मिनिटं जातात. आमचा प्लेट-बिल्ड माउंटन टूकनचा पहिला चान्स असाच गेला, पुढच्या दिवशी मिळाला.

सह्यभटक्या

ताई, एक शंका आहे, रागावू नका. पास दे लास आवेसला अँटपिटांना, म्हणजे त्या जमिनीवर लपून राहणाऱ्या पक्ष्यांना, गांडुळं टाकून बाहेर बोलावतात असं वाचलंय. आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं पण चालतं का तिथे? आपल्याकडे नवरंगाला आवाज लावून लावून लोकांनी घरट्याच्या दिवसांत किती त्रास दिलाय ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून विचारतोय.

शिंजीर

रागवायचं काय त्यात, हा प्रश्न यायलाच हवा.

आवाजाबद्दल आधी. आमचा गाईड एका पक्ष्याला दोनदाच वाजवायचा, उत्तर आलं नाही की पुढे. आणि अँडियन कॉक-ऑफ-द-रॉकच्या ठिकाणी काहीच नाही, गरजच नाही. पहाटे साडेपाचला काळोखात लाकडी आडोशामागे जाऊन बसायचं, उजाडायच्या आत नर जमतात आणि डुकरासारखे ओरडतात, खरंच डुकरासारखे, आणि हळूहळू उजेड आला की लाल रंग दिसायला लागतो. फ्लॅश बंदी.

गांडुळांबद्दल. आन्हेल पास हा तिथला शेतकरी, आधी जंगल तोडून जमीन करायचा. कॉक-ऑफ-द-रॉकसाठी पायवाट करताना एक जायंट अँटपिटा गांडुळं शोधत मागे येतेय असं त्याच्या लक्षात आलं, तिला त्याने मारिया नाव दिलं आणि हळूहळू हातातून गांडुळं द्यायला लागला. त्याआधी हा पक्षी बघायला लोक अनेक ट्रिपा करायचे आणि नुसता आवाज ऐकून परत जायचे. आता त्या कुटुंबाचं पोट उभ्या जंगलावर चालतं. आम्ही ऑकर-ब्रेस्टेड अँटपिटा बघितली, तिला शकिरा म्हणतात कारण ती जागच्या जागी अंग डोलवते, पाय आणि डोकं स्थिर आणि मधलं पोट डावी-उजवीकडे. मुठीएवढा पक्षी. चार गांडुळं झाली की आत गेली, परत हाक मारली नाही.

मला हे पटलं. पण माझ्या वहीत त्या पक्ष्यांपुढे "गां" लिहिलंय, म्हणजे गांडुळावर आलेला. तो आणि आपण शोधून काढलेला पक्षी माझ्यासाठी एक नाहीत, मोजताना दोन्ही धरले तरी.

सह्यभटक्या

"गां" खूण आवडली. मला अजून पूर्ण पटत नाही, हाताला सवयलेला पक्षी उद्या दुसऱ्या कोणाच्या हाताकडेही जाईल. पण जंगल उभं राहिलं हे खरं, ते नाकारत नाही.

ओहायोतून

किती छान लिहिलंय. तुमच्या यादीत ब्लॅकबर्नियन वॉर्बलर दिसला आणि अंगावर काटा आला. आम्ही गेली अकरा वर्षं ओहायोत. मे महिन्यात इथे एरी सरोवराच्या काठी मगी मार्शला हा पक्षी येतो, नराचा गळा पेटल्यासारखा केशरी, लाकडी पायवाटेवर लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात त्याच्यासाठी. थंडीत तो तुमच्या त्या अँडीजमध्ये असतो. फेब्रुवारीत तुम्ही बघितला आणि मेमध्ये मी बघणार, कोण जाणे तोच असेल. वजन दहा ग्रॅमच्या आसपास हो त्याचं!

शिंजीर

@ओहायोतून कोसांगाला बघितला. तिथल्या लॉजवर रात्रभर दिवा लावून ठेवतात, त्याच्या पांढऱ्या पडद्यावर शेकडो पतंग जमतात, आणि उजाडताना पक्षी ते खायला येतात. नाश्त्याच्या आधी पाऊण तासात २३ जाती, जागेवरून न हलता. इंका जे नावाचा हिरवा-पिवळा पक्षी पतंगाचे पंख तोडून तोडून खाली टाकत होता, फरशीवर पंखांचा सडा. त्यात बाजूला हा एवढासा केशरी गळा. गाईडने "हा तिकडचा पाहुणा" म्हटलं. मेमध्ये दिसला की इथे नक्की लिहा.

तांबट

टूकनच्या फोटोंकडे वळतो. एक गंमत आधी: आपण टूकन बघितला की धनेश आठवतो, मोठी चोच म्हणून. पण टूकनचं जवळचं नातं धनेशाशी नाही, माझ्याशी आहे, म्हणजे तांबटाशी. दोघांची कुळं अगदी जवळची. बार्बेट म्हणजे तांबट, तुम्ही तिथे टूकन बार्बेट बघितला असेल तर तो नावातच दोन्ही घेऊन बसलाय.

फोटो बघितले. सात आणि आठ नंबरमध्ये खालच्या चोचीच्या बुडाशी किंचित तांबूस झाक आहे असं मला वाटतं, पण ती मागच्या फांदीचा रंगही असू शकते. मी यावर नाव लिहिणार नाही. तुम्ही तिरपी रेष ठेवलीत तेच बरोबर.

एक विचारतो. त्या सकाळी त्याच जागी काही व्हिडिओ काढला होता का, दुसऱ्या कशाचा का असेना?

गोदाकाठ

वा, हे डोक्यातच आलं नसतं.

रानवाट

तोवर मी एक सांगतो. ३९३ मध्ये ४१ नुसते ऐकलेले धरले म्हणून कोणी नाक मुरडेल तर मुरडू दे. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात कानाशिवाय मोजणी होतच नाही. १९८२ मध्ये टेड पार्कर आणि स्कॉट रॉबिन्सन या पक्षीतज्ज्ञांनी पेरूत एका दिवसात ३३१ जाती मोजल्या, इंजिनाची गाडी न वापरता, पायी आणि होडीने. पार्करला हजारो पक्ष्यांचे आवाज तोंडपाठ होते. १९९३ मध्ये इक्वाडोरमध्येच जंगलाची पाहणी करताना विमान अपघातात गेला बिचारा. मग २०१५ च्या ऑक्टोबरात इक्वाडोरमध्ये चार जणांनी २४ तासांत ४३१ जाती मोजल्या, अँडीजच्या एका उतारावरून दुसऱ्या बाजूला जात. त्यातले कितीतरी रात्रीच्या काळोखात आणि पहाटे आवाजावरच. मला स्वतःला ऐकलेला पक्षी जास्त खरा वाटतो, दिसलेल्यात डोळा फसतो.

मुलुंडकर

नुसती वाचक आहे, पण दोन प्रश्न. शाकाहारींचं काय होतं? आणि लस वगैरे?

शिंजीर

@मुलुंडकर मी शाकाहारी, काही अडलं नाही. भात, राजम्यासारखं कडधान्य, कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप, आणि लोक्रो दे पापा, बटाटा आणि चीजचं सूप, वरून अ‍ॅवोकाडो. सुपाबरोबर वाटीभर लाह्या देतात, मक्याच्या, आणि त्या सुपात टाकून खायच्या. थंडीत फार बरं वाटतं. चलन अमेरिकन डॉलर, २००० सालापासून, तेव्हा सुट्ट्या छोट्या नोटा न्या.

यलो फीव्हरची लस मात्र घ्याच, निघायच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. परत येताना आपल्या विमानतळावर विचारतात, नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. आमच्या ओळखीत एकाने घरी विसरलं होतं आणि फार मनस्ताप झाला.

पापायाक्ताच्या खिंडीत चार हजार मीटरवर माझं डोकं जबरदस्त दुखलं. कीटोत पहिले दोन दिवस शांत काढा, जिने पण हळू.

@तांबट थांबा. व्हिडिओ आहे. एका टॅनेजरचा (छोटा रंगीत पक्षी), ११ सेकंदांचा, त्याच बाकावरून. लॅपटॉपवर लावून बघते, रात्री सांगते.

शिंजीर

मंडळी, आवाज आहे.

टॅनेजर पपई खातोय, नवरा मागे काहीतरी बोलतोय, आणि सातव्या सेकंदापासून लांबून हाका. तीन अक्षरं आणि मग दोन-दोन. हेडफोन लावून वीस वेळा ऐकलं. क्लिप खाली दिलीय, आवाज पूर्ण मोठा करून ऐका. व्हिडिओ ६:४४ चा, टूकनचा पहिला फोटो ६:५१ चा.

तांबट

ऐकलं. कुत्र्याच्या पिलाच्या केकाटण्यासारखं आहे, करकर नाही. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या साईटवरच्या पाच रेकॉर्डिंगशी लावून बघितलं, यलो-थ्रोटेडच. तिथले स्पॅनिश बोलणारे लोक म्हणतात तो "दिओस ते दे, ते दे, ते दे" ओरडतो, देव तुला देवो, देवो. तुमच्या क्लिपमध्ये अगदी तसंच ऐकू येतं.

रानवाट

पावशा "पेरते व्हा" ओरडतो तसंच की हे! तिकडच्या शेतकऱ्याने पण पक्ष्याच्या तोंडी आशीर्वादच घातला. क्लिप आता "दिओस ते दे" अशीच ऐकू यायला लागली, दुसरं काही ऐकूच येईना.

ओहायोतून

एक आडवा प्रश्न. ६:४४ म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे? कॅमेऱ्याचं घड्याळ तिकडच्या वेळेवर लावलं होतं का?

शिंजीर

@ओहायोतून बरं झालं विचारलंत. घड्याळ भारतीय वेळेवरच होतं, म्हणजे १८:४४, मी बारा तासांच्या हिशोबात वाचलं. साडेदहा तासांचा फरक, तिथे सकाळचे ८:१४. फोटो ८:२१. वहीत पण "मिल्पे, बाक, ८:२०, टूकन" लिहिलंय, जुळतं. मधे सात मिनिटं.

गोदाकाठ

म्हणजे झालं की! यलो-थ्रोटेड टूकन, पा आणि फो दोन्ही. अभिनंदन ताई!

तांबट

घाई नको. आवाज त्या जागेवरून आला आणि तो यलो-थ्रोटेडचा आहे हे पक्कं. पण फोटोतला पक्षी तोच, हे त्यातून ठरत नाही. मिल्पेला दोन्ही जाती आहेत, सात मिनिटांत एक ओरडून जाऊ शकतो आणि दुसरा येऊन बसू शकतो. मी तुमच्या जागी असतो तर ऐकलेला म्हणून नोंदवला असता, क्लिप जोडून, आणि फोटोची रेष तशीच ठेवली असती.

गोदाकाठ

अहो पण शक्यता किती ती? ९० टक्के तोच असणार.

शिंजीर

@गोदाकाठ मलाही तोच असेल असं वाटतं. काल रात्री तर वहीत "पा" च्या रकान्यात पेन्सिल टेकवली पण होती. पण जे १९ पक्षी मी गाईडच्या डोळ्यांनी पाहिलेले म्हणून सोडले, त्यातले कितीतरी ९० टक्केच होते. मग त्यांनाही घ्यावं लागेल.

तांबट म्हणतात तसं केलं. त्या सकाळच्या चेकलिस्टला क्लिप जोडली, यलो-थ्रोटेड टूकन ऐकलेला म्हणून टाकला. पाहिले ३५२, ऐकले ४२, एकूण ३९४. फोटो २४१ च, त्या बारांखाली दोन्ही नावं तशीच.

नवऱ्याला क्लिप ऐकवली. सातव्या सेकंदाला तो मला विचारतोय, "हे काय ओरडतंय गं?" आणि मी त्याला म्हणतेय, "थांब, टॅनेजर हलेल."

ओहायोतून

ताई, धाग्याचं नाव बदला. ३९४.